छपराच्या वरची हद्द

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माधवगंज म्हणजे जुनी, दाट वस्ती. गल्ल्या अरुंद, घरं दोन-तीन मजली आणि एकमेकांना खेटलेली. अशा वस्तीत माणसाला हद्दीचं भान उपजतच असतं. सामायिक भिंत कुणाची, नाली कुणाच्या बाजूने जाते, शेजाऱ्याच्या अंगणावर उघडणारी खिडकी पाडता येते का, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण याच घरांना आणखी एक हद्द आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. ती जमिनीवर कुठेच आखलेली नाही. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, तिची नोंद नाही आणि रजिस्ट्रीच्या कागदावरही नाही. ती गच्चीच्या वर, हवेत आहे. शहराच्या ईशान्येला, माधवगंजापासून सरळ रेषेत साधारण बारा-तेरा किलोमीटरवर असलेल्या महाराजपुऱ्याच्या विमानतळामुळे ती पडली आहे.

हा विमानतळ मुळात हवाई दलाचा. 1985 साली फ्रान्सहून आलेली मिराज-2000 विमानं इथेच ठेवली गेली. 26 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे बालाकोटवर हल्ला करायला गेलेली मिराजही इथूनच उडाली. त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानंही उतरतात. राजमाता विजयाराजे सिंधिया यांच्या नावाच्या प्रवासी विमानतळाची नवी, मोठी इमारत 10 मार्च 2024 रोजी सुरू झाली. पुण्याचं लोहगावही असंच आहे: धावपट्टी हवाई दलाची, प्रवाशांची सोय तिच्या कडेला. अशा ठिकाणी शेजारच्या घरमालकावर दोन प्रकारची बंधनं येतात, एक उड्डाणाच्या सुरक्षिततेची आणि दुसरी लष्करी ठाण्याच्या सुरक्षिततेची. दोन्हींचा पाया वेगळा, कायदा वेगळा आणि परवानगी देणारा अधिकारीही वेगळा असतो.

आधी उड्डाणाचं पाहू. केंद्र सरकारने 30 सप्टेंबर 2015 रोजी उंचीवरच्या निर्बंधांचे नियम जारी केले. त्यांनुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 20 किलोमीटरच्या वर्तुळात ठरावीक उंचीच्या वर काहीही उभारायचं असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. नागरी विमानतळ असेल तर ते भारतीय विमानतळ प्राधिकरण देतं आणि लष्करी असेल तर संरक्षण खातं. या 20 किलोमीटरच्या वर्तुळात आख्खं ग्वाल्हेर मावतं. मुरार, हजिरा, किल्ला, लष्कर आणि आपला माधवगंज, सगळं.

पण 20 किलोमीटर म्हणजे सगळीकडे सारखंच बंधन असं नाही. विमानतळाभोवतीची मोकळी ठेवायची हवा एखाद्या परातीसारखी असते, मध्ये सपाट आणि काठाकडे उंचावत जाणारी. तुमचं घर परातीच्या खाली राहिलं पाहिजे, तिला भोक पाडून वर जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय मापं अशी: मोठ्या धावपट्टीभोवती सुमारे 4 किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर उंचीवर एक अदृश्य सपाट छत. तिथून पुढे 2 किलोमीटरमध्ये ते दर 20 मीटरला एक मीटर असं चढत 145 मीटरवर जातं. त्यापुढे 15 किलोमीटरपर्यंत 150 मीटरचं छत.

आता माधवगंजाचा हिशेब करून पाहा. महाराजपुऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 617 फूट म्हणजे 188 मीटर उंचीवर आहे. त्यात 150 मिळवले की 338 मीटर. माधवगंजाची जमीन विमानतळापेक्षा वीस-पंचवीस मीटर उंच धरली तरी गच्चीच्या वर शंभर मीटरहून जास्त हवा शिल्लक राहते. चार मजली घर बांधणाऱ्याला या नियमाचा काहीही त्रास नाही. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरलाही नाही. म्हणजे माधवगंज वर्तुळात आहे, पण बंधन त्याला बोचत नाही. विमानतळाजवळ घर म्हणजे बांधकाम अडलं, अशी भीती अनेकांना वाटते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. या नियमात अंतर आणि दिशा हीच खरी गोष्ट आहे.

अडचण येते ती पुढच्या पिढीला. जुन्या घराच्या वाटण्या होतात, भावाभावांत दोन-दोन खोल्या येतात आणि एक जण बाहेर प्लॉट बघायला निघतो. गेल्या काही दशकांत शहर ज्या दिशांना पसरलं, त्यात भिंड रस्ता आणि त्याच्या आजूबाजूचा भाग ठळक आहे: दीनदयाळ नगर, आदित्यपुरम, पिंटो पार्क. लष्कर भागातल्या गल्लीत राहिलेल्या माणसाला तिथले रुंद रस्ते आणि चारही बाजूंनी मोकळा प्लॉट पाहून हरखायला होतं. तो विचारतो ते नेहमीचेच प्रश्न: डायवर्जन (बिनशेती) झालंय का, नामांतरण (फेरफार) होईल का, पाणी येतं का, बँक कर्ज देईल का. धावपट्टीचं टोक इथून किती दूर, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही.

आणि खरं बंधन धावपट्टीच्या टोकाशीच असतं. विमान जिथून उतरतं आणि चढतं, तिथे परातीला एक तिरकस पट्टा जोडलेला असतो. तो धावपट्टीच्या टोकापुढे 60 मीटरवर सुरू होतो आणि दर 50 मीटरला एक मीटर चढत जातो. सुरुवातीला तीनशे मीटरच्या आसपास रुंद असलेला हा पट्टा पुढे दोन्ही बाजूंना पसरत जातो. मुंबईत याला फनेल झोन म्हणतात.

या पट्ट्यात, पट्टा सुरू होतो तिथून 700 मीटरवर एक प्लॉट आहे असं धरू. 700 भागिले 50 म्हणजे 14 मीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. आता घर उभं करू. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकी 3 मीटर, झाले 12. जोतं 60 सेंटिमीटर. जिन्यावरची खोली, जिला ग्वाल्हेरात मुमटी म्हणतात, ती अडीच मीटर. तिच्यावर पाण्याची टाकी, दीड मीटर. बेरीज 16.6 मीटर. म्हणजे चौथा स्लॅब टाकून झाला, घर दिमाखात उभं राहिलं, आणि टाकी व मुमटीचा अडीच मीटरहून जास्त भाग हवेतली हद्द ओलांडून गेला. प्रमाणपत्रातली उंची ही सगळ्यांत वरच्या टोकाची असते. टाकी, मुमटी, लिफ्टची खोली, अँटेना, विजेपासून बचावाचा दांडा, सगळं तिच्यात धरलं जातं. बांधकामाचे ठेकेदार मात्र स्लॅबपर्यंतच मोजतात. घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच.

त्यात आणखी एक मेख आहे. ही उंची जमिनीपासून मोजलेली नसते, समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. तुमचा प्लॉट धावपट्टीपेक्षा 3 मीटर उंचवट्यावर असेल तर तुमचा एक आख्खा मजला गेला. म्हणूनच अर्जासोबत प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि सेकंदांत द्यावे लागतात आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घेतलेला दाखला जोडावा लागतो. इमारतींसाठी हे प्रमाणपत्र 8 वर्षं चालतं. तेवढ्यात बांधकाम पुरं झालं नाही तर पुन्हा रांगेत.

मराठी वाचकाला याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईत दिसतं. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांत शेकडो जुन्या इमारती फनेल झोनमध्ये आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली सोसायट्या. पिलर तडकलेत, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, पण पुनर्विकास होत नाही. मुंबईत पुनर्विकासाचं सगळं गणित वाढीव मजल्यांवर चालतं: जुन्या रहिवाशांना फुकट घरं आणि वरचे मजले विकून बिल्डरचा खर्च व नफा. वर जायलाच बंदी असली की बिल्डर फिरकत नाही. बाजूच्या गल्लीतली, पट्ट्याबाहेरची सोसायटी वीस मजली होते आणि हिच्या जिन्याला टेकू लागतात. कागदावर दोघींचा चटईक्षेत्र निर्देशांक सारखा असतो, पण एकीला तो वापरता येतो आणि दुसरीला येत नाही. न वापरता येणारं चटईक्षेत्र दुसरीकडे विकू द्या, ही तिथल्या रहिवाशांची जुनी मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. विमानं सुरक्षित उतरण्याचा फायदा आख्ख्या शहराला होतो. त्याची किंमत चार गल्ल्यांनीच का मोजावी?

दुसरी बाजूही मुंबईतच आहे. नियम मोडून उंची वाढवलेल्या इमारतींबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली आणि जुलै 2022 मध्ये न्यायालयाने विमानतळाजवळच्या 48 उंच इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडायला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. वरचा मजला पाडणं म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. ज्याने तो फ्लॅट घेतला त्याने आयुष्यभराचं कर्ज काढलेलं असतं. त्याला विकणारा तोवर पुढच्या प्रकल्पाच्या जाहिराती छापत असतो.

बंधन कशासाठी, याबद्दल मात्र शंका नको. 28 जून 2018 रोजी घाटकोपरच्या सर्वोदयनगरात एक छोटं किंग एअर विमान बांधकामाच्या जागेवर कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस गेला. 28 जानेवारी 2023 रोजी ग्वाल्हेरहून सरावाला उडालेलं एक सुखोई आणि एक मिराज पडलं. अवशेष मुरैना जिल्ह्यातल्या पहाडगढच्या जंगलात आणि थेट राजस्थानातल्या भरतपूरला सापडले. एक वैमानिक गेला. आणि 12 जून 2025 रोजी अहमदाबादला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं आणि विमानातल्या 241 जणांबरोबर जमिनीवरची 19 माणसं मेली.

अहमदाबादच्या अपघाताने या नियमांमधली एक पोकळी उघडी पाडली. विमान धावपट्टीच्या टोकापासून सुमारे 1.7 किलोमीटरवर कोसळलं. एवढ्या अंतरावर तिरकस पट्टा सर्वसाधारण हिशेबाने तीसहून जास्त मीटर उंचीवर पोचलेला असतो. चार-पाच मजली इमारत त्याच्या कितीतरी खाली राहते. म्हणजे उंचीच्या नियमाला तिथे आक्षेप घेण्यासारखं काही नसतं. आपला नियम उंची मोजतो, माणसं मोजत नाही. धावपट्टीच्या रेषेत शाळा असावी का, दवाखाना असावा का, शेकडो मुलांचं वसतिगृह असावं का, की तिथे गोदामं आणि शेती असावी, हे तो विचारत नाही. ब्रिटनमध्ये धावपट्ट्यांच्या टोकांशी सार्वजनिक सुरक्षा क्षेत्रं आखलेली असतात आणि तिथे माणसांची गर्दी वाढेल अशा बांधकामाला परवानगी मिळत नाही. ग्वाल्हेरसारख्या, अजून पसरत असलेल्या शहराला हे आज करता येतं. मुंबईची ती वेळ कधीच निघून गेली.

व्यवसायांवरची बंधनं याहून वेगळी आहेत आणि ती पक्ष्यांमुळे आहेत. विमान नियम, 1937 मधल्या नियम 91 प्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 10 किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, सोलणं, घाण-कचरा टाकणं याला बंदी आहे. हॉटेलं, मटणाची दुकानं, मासळीची दुकानं आणि हाडांच्या गिरण्या यांच्या कचऱ्याचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. कारण उघड आहे: टाकाऊ मांसावर घारी येतात, घार विमानाच्या इंजिनात गेली की इंजिन जातं, आणि एका इंजिनाच्या लढाऊ विमानात दुसरं इंजिन नसतं. मिराज एकाच इंजिनाचं आहे. राफेल अंबाल्याला आली तेव्हा, 2020 साली, हवाई दलाने तळाभोवतीच्या कचऱ्याबद्दल हरियाणा सरकारला पत्र लिहिलं होतं. बेंगळुरूला तर येलहंक्याच्या हवाई प्रदर्शनासाठी 2023 मध्ये 10 किलोमीटरमधली मांसविक्री 30 जानेवारी ते 20 फेब्रुवारी बंद ठेवायला लावली होती.

माधवगंज या 10 किलोमीटरच्या बाहेर पडतो. मुरार, हजिरा, गोले का मंदिर आत येतात. तिथल्या मटणवाल्याने काय करायचं? व्यवहारात उत्तर असं आहे की दुकान झाकलेलं हवं, टाकाऊ भाग उघड्यावर पडता कामा नये आणि तो रोजच्या रोज उचलला गेला पाहिजे. यातलं पहिलं काम दुकानदाराचं. शेवटचं पालिकेचं. कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही की दुकानदाराचाच गुन्हा होतो, हा न्याय मला पटत नाही.

ड्रोनचंही असंच. 2021 च्या ड्रोन नियमांखालच्या नकाशात विमानतळाच्या कुंपणापासून 5 किलोमीटरपर्यंत लाल, म्हणजे केंद्राच्या परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेलं क्षेत्र आहे, आणि 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर उडवायला परवानगी लागते. माधवगंज जवळजवळ या पट्ट्याच्या काठावर येतो. लष्करी विमानतळाभोवती नकाशा याहून कडक असू शकतो. वरातीचं चित्रीकरण करणाऱ्या पोराला हे माहीत असणं त्याच्या पोटापाण्याच्या दृष्टीनेच गरजेचं आहे, कारण ड्रोन जप्त झाला की त्याची वर्षभराची कमाई गेली.

आवाजाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत दिवस-रात्रीची सरासरी 65 डेसिबलच्या वर जाते त्या भागात घरं योग्य मानली जात नाहीत. बांधायचीच झाली तर आवाज रोखणाऱ्या भिंती आणि खिडक्या लागतात. भिंड रस्त्यावर घर बांधणाऱ्याने निदान दुहेरी काचेचा खर्च धरावा. लढाऊ विमानाच्या आवाजाची सवय होते असं लोक म्हणतात. तान्ह्या मुलाला होत नाही.

आता दुसरा कायदा, लष्करी ठाण्याचा. वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट 1903 सालचा, तोफांच्या काळातला. यातली अंतरं बाहेरच्या तटबंदीच्या माथ्यापासून मोजलेली आहेत: दोन हजार यार्ड, एक हजार यार्ड, पाचशे यार्ड. सगळ्यांत आतल्या पट्ट्यात उघडे कठडे आणि वाळक्या काटक्यांचं कुंपण एवढंच चालतं, कारण शत्रूला आडोसा मिळता कामा नये. प्रत्यक्ष अंतर प्रत्येक ठाण्यासाठी अधिसूचनेने ठरतं, आणि दारूगोळ्याच्या कोठाराजवळ ते कुंपणाजवळच्या अंतरापेक्षा बरंच जास्त असू शकतं. सगळ्यांत आतल्या पट्ट्यात तर उंचीचा हिशेबच चालत नाही. एक मजला असो की अर्धा, बांधकामालाच मनाई.

या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे: निर्बंध घातले तर भरपाई द्यायची तरतूद. विमान कायद्यातही ती आहे. 1934 चा जुना विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. या सगळ्या व्यवस्थेचं सूत्र एकच आहे: बंधन येण्याआधी तुमचं घर होतं, तर नुकसानीचा मोबदला, बंधन आल्यावर बांधलं, तर नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. अडचण अशी की बंधन कधी आलं हे सरकारी राजपत्रात असतं आणि प्लॉट विकला जातो तो चहाच्या टपरीवर. मग कॉलनी उठते, पालिका पाण्याची लाइन देते, वीज कंपनी मीटर बसवते, संपत्तीकर वसूल होतो. इतक्या सरकारी हातांनी मान्यता दिल्यावर ज्या दिवशी नोटीस येते, त्या दिवशी घरमालक म्हणतो, “अहो, मला कुणी सांगितलंच नाही.” तो खोटं बोलत नसतो.

बंधनं मुळातच तात्पुरती असतात, विमानतळ हलला की सुटतील, अशी आशाही काही जण धरतात. हाँगकाँगमध्ये तसं झालं. काई टाक विमानतळामुळे कौलूनमध्ये इमारतींना उंचीची मर्यादा होती. जुलै 1998 मध्ये तो बंद झाला आणि त्यानंतर तिथे मनोरे उठले. पण महाराजपुऱ्यात नुकतीच नवी प्रवासी इमारत झाली आहे आणि हवाई दल कुठे चाललेलं नाही. इथे ती आशा धरून प्लॉट घेऊ नये.

मग करायचं काय? धावपट्टीची टोकं कुठे आहेत हे ठरलेलं आहे. उतार किती, तेही ठरलेलं आहे. कुठल्या खसरा क्रमांकावर किती मीटरपर्यंत बांधता येईल, हे गणित एकदाच करायचं आहे. नागरी विमानतळांसाठी रंगीत चौकोनांचे नकाशे तयार झालेच आहेत: लाल चौकोन असेल तर प्राधिकरणाकडे जा, बाकी चौकोनांवर लिहिलेल्या उंचीपर्यंत पालिकाच परवानगी देऊ शकते. मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2024 पासून संपदा 2.0 ही नोंदणीची नवी पद्धत आली आहे. तिच्यात मालमत्ता नकाशावरच्या ठिकाणाशी जोडली जाते. म्हणजे रजिस्ट्रीच्या क्षणी सरकारच्या संगणकाला कळतं की हा प्लॉट नेमका कुठे आहे. त्याच पडद्यावर आणखी एक रकाना वाढवायचा आहे, विमानतळामुळे अनुज्ञेय उंची समुद्रसपाटीपासून इतके मीटर, आणि त्याखाली लष्करी ठाण्याचा पट्टा लागू आहे की नाही. तो रकाना येईपर्यंत दीनदयाळ नगरात किंवा आदित्यपुरममध्ये प्लॉट घेणाऱ्याने बयाणा देण्याआधी नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालयात खसरा क्रमांक देऊन लेखी विचारावं, जागेची उंची मोजून घ्यावी आणि विक्रेत्याकडून ना हरकत प्रमाणपत्राची प्रत मागावी. प्रत नसेल तर ते प्रमाणपत्र मिळेपर्यंत व्यवहार थांबेल, अशी अट बयाण्याच्या कागदावरच घालून घ्यावी.